बाद हृदय

उभा जन्म रक्तपेढीत घालवलेल्या माणसाला ‘हिपॅटायटिस सी’ची लागण असलेलं हृदय देऊ केलं, तर तो काय म्हणणार? डॉक्टरीणबाईंचं वाक्यही पुरं होऊ न देता तो म्हणाला, “नको.”

बायकोने कपाळावर हात मारला. दोन शब्द बोलला तरी धाप लागते, पाय सुजून खांब झालेत, आणि दारी आलेल्या हृदयाला साहेब नाक मुरडतात!

“लागण होणारच, लपवत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण त्यावर गोळ्या आहेत. जवळजवळ सगळ्यांचा विषाणू जातो. अशी हृदयं घेतलेले लोक छान जगतायत. फक्त लवकर ठरवा, नाहीतर मला दुसऱ्या रुग्णाला विचारावं लागेल.”

त्या बाहेर गेल्या.

“शंका आली की पिशवी बाद,” तो धापा टाकत म्हणाला. “सगळ्यांना हेच शिकवलं मी.”

“खड्ड्यात गेलं तुमचं शिकवणं! पिशवी बाद केलीत की फ्रिजमधून दुसरी काढत होतात. इथे दुसरं हृदय कुठंय?”

“येईल.”

“आणि तोवर तुम्ही असाल?”

तो हळूच म्हणाला, “माझ्यामुळे तुला लागलं तर?”

अस्सं होतं तर! इतका वेळ ती त्याला हेकट समजत होती. तिला रडूच फुटलं.

“रक्तातूनच लागतं ना? तुमचा वस्तरा वेगळा ठेवीन. पण तुमच्या मागे मी ठणठणीत राहून करू काय, ते सांगा.”

त्याने होकारार्थी मान हलवली. ती अनवाणीच बाहेर धावली. डॉक्टरीणबाईंच्या कानाला फोन होता.

“अहो, थांबा! हो म्हणाले!”

हृदय बसलं, चाललं. सांगितल्याप्रमाणे लागणही झाली. गोळ्या सुरू झाल्या. घरी येताच त्याने आपलं अंथरूण पलीकडच्या खोलीत नेलं. असं एका घरात राहून काही होत नाही, हे तो इतरांना हजारदा सांगत आला होता. पण बायकोच्या बाबतीत त्याचा स्वतःवरही विश्वास नव्हता. तिने समजावलं, चिडली, शेवटी हात टेकले.

गोळ्या संपल्यावर बऱ्याच आठवड्यांनी रिपोर्ट आला. विषाणू नव्हता. “एका चाचणीवर भरवसा ठेवायचा नसतो,” म्हणून त्याने पुन्हा रक्त दिलं. तिचा जीव पुन्हा टांगणीला.

दुसरा रिपोर्ट भर दुपारी आला. ती आडवी झाली होती. डोळे उघडले तर तो दारात उभा, काखेत उशी.

“जागा आहे का?”

ती भिंतीकडे सरकली.