कडी नसलेली दारं

संपादकबाईंना कथा हवी होती आणि धाकटीला एकही ओळ सुचत नव्हती. असं अडलं की तिचा उपाय ठरलेला होता. जुन्या मासिकांचा गठ्ठा जमिनीवर ओतायचा, नजर अडेल ते चित्र कापायचं, का ते स्वतःला विचारायचं नाही. सगळं एका मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचं आणि मग वहीत मनात येईल ते खरडत सुटायचं. त्या पसाऱ्यात कुठेतरी गोष्टीचं टोक सापडायचं.

या खेपेला घरात तिची थोरली बहीण होती. ताई "जरा बदल म्हणून" राहायला आली होती आणि आज दुपारी भाऊजी तिला न्यायला येणार होते. बॅग सकाळपासूनच भरून दाराशी ठेवलेली.

ताई चहा घेऊन आली. "हे काय, बालवाडी काढलीस का?" म्हणून हसली, आणि हसता हसता थांबली.

पुठ्ठ्यावर दारंच दारं होती. रंग उडालेलं, काचेचं, हॉटेलातलं. एका जाहिरातीतलं घट्ट धरलेलं मनगट. पलंगाच्या कडेवर बसलेली एक बाई, डोकं पानाबाहेर गेलेली.

"काय लिहिलंयस यावर?"

धाकटीने वाचून दाखवलं, "या बाईला दार आतून लावता येत नाही. कडीच नाही. कपडे बदलताना ती दाराला पाठ टेकून उभी राहते."

ताईने कप खाली ठेवला. "कुणी सांगितलं तुला?"

"काय कुणी सांगितलं? चित्रं बघून सुचलं गं."

धाकटीने वही मिटली. "ताई... तुमच्या घरी?"

"कड्यांचे स्क्रू काढले त्यांनी. बेडरूमच्या दाराच्या, बाथरूमच्याही. म्हणाले, नवरा-बायकोत कसली कडी?" बाजारातून काय आणायचं ते सांगावं इतक्या साध्या आवाजात ताई सांगत होती. "कधीही येऊन उभे राहतात. बोलत नाहीत. नुसते बघतात, मी काय करतेय ते."

"तू जायचं नाहीस."

"तुला सोपं आहे. पुठ्ठ्यावर बाई कुठेही चिकटवता येते."

तेवढ्यात बेल वाजली.

भाऊजी फळांची पिशवी घेऊन हसतमुखाने आत आले. "झाली का बहिणी-बहिणींची कुजबुज?" मग पुठ्ठ्याकडे बघून म्हणाले, "मेहुणीबाई, या वयात कात्रणं?" ते वाकून एकेक चित्र बघू लागले. दोघी त्यांच्याकडे बघत उभ्या. भाऊजींना काहीच कळलं नाही. पिशवी टेबलावर ठेवून त्यांनी बॅग उचलली. "चल, गाडी भलत्याच जागी लावलीय."

ताई जागची हलली नाही.

"बॅग खाली ठेवा."

"काय?"

"कड्या का काढल्यात तुम्ही?"

भाऊजींचं हसू मावळलं. ते धाकटीकडे वळले. "तू काय भरवलंस हिच्या डोक्यात?"

"तिला नका विचारू. मी विचारतेय तुम्हाला."

"घरातल्या गोष्टी घरात बोलू," ते हळू आवाजात म्हणाले आणि एक पाऊल पुढे आले. धाकटीने बाहेरचं दार सताड उघडलं. जिन्यावर शेजारीण भाजीच्या पिशव्या घेऊन चढत होती. ती थबकली. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, बॅग टाकली. "डोकं ठिकाणावर आलं की फोन कर," म्हणाले आणि धाडधाड उतरून गेले.

खाली गाडीचा हॉर्न बराच वेळ वाजत राहिला. तो थांबल्यावर ताई मासिकांच्या ढिगातच बसली.

"हे लिहिणार तू?"

"तू हो म्हणालीस तरच."

"नको. इतक्यात नको."

धाकटीने संपादकबाईंना फोन केला, "या अंकात मला धरू नका." बाई चांगल्याच तापल्या. पुढच्या आठवड्यात भाऊजी आपल्या थोरल्या भावाला घेऊन आले. ताईने त्यांना बसा म्हटलं नाही, दारातच उभं राहून सगळं सांगितलं, कड्यांसकट. थोरला भाऊ खाली मान घालून ऐकत होता. जाताना तो एवढंच म्हणाला, "तुझं सामान मी पाठवतो."

सामान अजून आलेलं नाही. ताई धाकटीचेच कपडे घालून कामावर जाते.