आग्रहाने पोळलेली कातडी

मी कातडी बोलतेय. वाघाची नाही आणि ढोलाची तर नाहीच. त्या बिचाऱ्या कुठेतरी ताणून निवांत पडलेल्या असतात, त्यांना कोणी सुगंधी साबण लावायला जात नाही. मी जिवंत आहे. मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या एका छोट्या गावात, ब्रिटाच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत माझा मुक्काम आहे. आणि आज मला भांडायचंय.

लोक मला नाजूक म्हणतात. म्हणताना मान अशी वाकडी करतात, जणू मी मुद्दाम नखरे करते. अहो, इतरांची कातडी म्हणजे नीट लिंपलेली भिंत. माझा गिलावाच जन्मापासून विरळ. आतला ओलावा बाहेर निसटतो आणि बाहेरचं वाट्टेल ते आत घुसतं. मग मी लाल होते, खाजते, भेगाळते. घरात चोर शिरल्यावर ओरडणाऱ्या माणसाला कोणी चिडका म्हणतं का?

लहानपणी मी फार ऐकून घेतलं. शाळेत गोल करून खेळताना पोरं ब्रिटाचा हात धरायची नाहीत. याची लागण होते का, असं एका मुलीच्या आईने मास्तरीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं होतं. नाही होत. तेव्हाही होत नव्हती, आजही होत नाही. पण ब्रिटाने तेव्हापासून बाह्या खाली ओढून घ्यायची सवय लावून घेतली, आणि लोकरीच्या त्या काठांनी मला उलट जास्त ओरबाडलं.

मोठी झाल्यावर तिला माझी नस सापडली होती. गरम पाणी टाळायची, वासाचं काही लावायची नाही. व्हर्नच्या बेकरीत पहाटेची कणीक मळायचं काम तिने मिळवलं. त्या कामात ती अशी रमायची की मीही गप्प राहायचे. आमचं बरं चाललं होतं. मग लग्न झालं.

नवऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. लीफ भला माणूस आहे, फक्त घर गरम ठेवणारी भट्टी अशी पेटवतो की हवेतला शेवटचा ओलावा घाबरून पळून जावा. तक्रार आहे ती त्याच्या आईच्या डबीबद्दल. मार्लिस शेजारच्याच रस्त्यावर राहते. शेळीच्या दुधात लॅव्हेंडरचं तेल घालून ती स्वतः मलम करते. अर्ध्या गावाच्या स्वच्छतागृहात तिच्या डब्या आहेत. सून आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती डबी घेऊन आली.

आता इथली रीत अशी, की कोणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. ते सौजन्य. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, तेही सौजन्यच. तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं, आणि तिसऱ्यांदाही नको म्हणणारा माणूस आढ्यताखोर. ब्रिटा याच मातीतली. तिने दोनदा नको म्हटलं. दोन्ही वेळा ते अगदी मनापासून होतं, पण इथे मनापासूनचं नको आणि रीतीचं नको एकाच सुरात म्हणतात. तिसऱ्या वेळी तिने डबी घेतली, मार्लिससमोरच उघडली, मलम मला चोळलं आणि किती छान वास आहे म्हणाली.

वास छानच होता. माझी मात्र लाही लाही झाली.

रोज लावायची, कारण मार्लिस रोज हाताचा वास घ्यायची. पंधरवड्यात माझ्या सांध्यांवर बारीक रेघा उमटल्या. आणि त्यातच चर्चच्या तळघरातलं वर्षाचं मोठं जेवण आलं. सुका मासा क्षारात फुगवून शिजवतात, त्यावर लोणी ओततात, आणि दूरदूरच्या गावांतली माणसं रांगा लावतात. त्या दिवशी नव्या सुनांची जागा मोरीपाशी, हे ठरलेलं. स्वयंपाकघराची सूत्रं डॅगनीबाईंच्या हातात होती. त्यांनी वाफाळत्या पाण्यात ब्लीच ओतलं आणि ब्रिटाला विचारलं, “रबरी हातमोजे देऊ का गं?”

“नको, चालेल.”

“बघ हं. आहेत इथे.”

“नको, कशाला उगीच.”

आता तिसऱ्यांदा विचारतील, म्हणून ब्रिटा थांबली. मी तर अक्षरशः श्वास रोखून धरला होता. आणि नेमकी तेव्हाच जेवणाच्या पंगतीकडून हाक आली की कॉफी संपली. डॅगनीबाई गेल्या त्या गेल्याच. हातमोजे खिळ्याला लटकत राहिले, हात लांब केला असता तर मिळाले असते. पण न विचारता घ्यायचे कसे? आख्ख्या गावाच्या ताटल्या तिने उघड्या हातांनी धुतल्या. मधूनमधून येऊन बायका तिच्या कामाचं कौतुक करून जात होत्या. माझं कोणी नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फाटले. सांध्यासांध्यांतून रक्त आलं. बेकरीत व्हर्नने ते पाहिलं आणि कणकेच्या परातीपासून तिला बाजूला केलं.

“पोरी, उघड्या जखमांनी मला तुला पिठाला हात लावू देता येत नाही,” तो म्हणाला. “ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारपर्यंत बरी हो. नाताळची कामं सुरू झाली की मला मळणारं माणूस लागणारच.”

ॲडव्हेंट म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे. तो रागावला नव्हता, हेच वाईट होतं. ब्रिटा घरी येऊन स्वयंपाकघरात कोट न काढता बसून राहिली. ती जागा गेली तर गावात दुसरी बेकरी नाही.

मग सल्ल्यांचा पूर आला. तुझे हात जरा लालच दिसतात बरं का, अशी सुरुवात करायची आणि पुढे औषध सांगायचं. कोणी व्हिनेगर सांगितलं, कोणी साखर आणि लिंबाने घासायला सांगितलं. लीफच्या काकांनी गाईच्या आचळांना लावायचं मलम आणून दिलं आणि गाईने कधी तक्रार केली नाही म्हणाले. घाबरलेली ब्रिटा सगळंच करून पाहत होती, एकावर एक. भाजलेल्या जागेवर लिंबू! नैसर्गिक आहे, त्याने काय होतंय, असं प्रत्येकजण म्हणायचा. विषारी वेलीची पानंही नैसर्गिकच असतात, तीही चोळून बघा ना एकदा स्वतःच्या गालाला.

शेवटी लीफने तिला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला दिव्याखाली धरलं आणि पहिला प्रश्न विचारला, की हिला काय काय लावलंय. ब्रिटा सांगत गेली, तशा त्यांच्या भुवया वर चढत गेल्या. सगळं बंद करा, म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर काही घालण्याऐवजी काढून घेत होतं. सूज उतरायला थोडे दिवस औषधी मलम. हात धुवायचे ते कोमट पाण्याने, बिनवासाच्या साबणाने, न घासता टिपायचे आणि ओलसर असतानाच साधं, घट्ट, बिनवासाचं मलम लावायचं. भांड्यांना रबरी हातमोजे, त्यांच्या आत सुती. भट्टी कमी करा आणि खोलीत हवा ओलसर ठेवणारं यंत्र लावा, हे त्यांनी लीफकडे बघून सांगितलं. नवीन काही लावावंसं वाटलंच तर आधी कोपराच्या आत चिमूटभर लावून काही दिवस वाट पाहायची.

मी मिटू लागले. रेघा बुजत आल्या. ॲडव्हेंट तोंडावर आला होता आणि त्याच्या आदल्या रविवारी दुपारी मार्लिस कॉफीला आली. पिशवीतून तिने आधीच्या दुप्पट मोठी डबी काढली. ब्रिटाचे हात बघवत नाहीत, म्हणून तिने मुद्दाम जालीम केलं होतं. लॅव्हेंडर होतंच, वर पाइनची राळ आणि संत्र्याच्या सालीचं तेल. दोन दिवस चुलीपाशी उभी होती म्हणे.

ब्रिटा नको म्हणाली. मार्लिसने डबी पुढे सरकवली. ब्रिटा पुन्हा नको म्हणाली. मार्लिस हसली, सुनेला वळण चांगलं आहे असं तिला वाटलं असणार.

“अगं ठेव म्हणते ना.”

हे तिसरं. ब्रिटाचा उजवा हात टेबलावरून उचलला गेला. सवयीने, बापडा. मी त्याच्यावर होते, मला कुठे उडी मारता येते? बोटं डबीच्या झाकणापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मग तिने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला.

“मार्लिस, मी संकोचाने नको म्हणत नाहीये. मला नकोच आहे. तुमच्या मलमाने माझे हात पोळतात. पहिल्या डबीपासून पोळतायत.”

लीफ कॉफीच्या कपात काहीतरी शोधायला लागला.

“हं,” मार्लिस म्हणाली. “हे जरा निराळंच.” या घराण्यात याहून कडक शब्द वापरत नाहीत. मग ती म्हणाली, “मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“बोलले होते. दोनदा.”

मार्लिसने डबी पिशवीत ठेवली, कॉफी संपवली, हवेबद्दल दोन वाक्यं बोलली आणि गेली. ब्रिटाने टेबलावरचे कप उचलले. सासू कायमची दुखावली असं तिला वाटत होतं. मलाही वाटत होतं, पण मला त्याचं दुःख झालं असं मी खोटं सांगणार नाही.

चारेक दिवसांनी मार्लिसचा फोन आला. तुझी ती बिनवासाची डबी कसली, एवढंच विचारलं; लीफने सांगितलं असणार. चर्चच्या पुढच्या वर्षीच्या जेवणासाठी तिने डॅगनीबाईंना आत्ताच परस्पर सांगून टाकलं की हिला मोरीपाशी उभं करायचं नाही, बटाट्याच्या पातळ पोळ्यांच्या घड्या घालायला बसवा. वर हेही म्हणालीच, “आमच्यात कोणाची कातडी अशी नव्हती बाई.” म्हणू दे. डबी तर आली नाही.

ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी व्हर्नने माझी तपासणी केली. पाव खालून भाजला का बघतात, तसे हात उलटेपालटे करून पाहिले. “ये सोमवारी,” म्हणाला, आणि भट्टीकडे वळला.

सध्या मी बरी आहे. पूर्ण बरी अशी मी कधीच नसते. थंडी वाढली की सांध्यांवर लाली येते, कधी रात्रभर खाजते. ते माझं आणि ब्रिटाचं आम्ही पाहून घेतो. तुम्हाला एकच सांगायचंय. तुमच्याही घरात, कचेरीत, शेजारी माझ्यासारखी एखादी असेल. तिच्याकडे टक लावून बघू नका आणि तुमच्या मावशीला कशाने गुण आला ते ऐकवू नका. तिला काय सोसतं ते तिला विचारा, आणि ती सांगेल ते खरं धरा.

आता मला जाऊ द्या. परातीत कणीक फुगून वर आलीय, आणि ब्रिटाने बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आहेत.