चारातलं एक

निर्मलाला डॉक्टर व्हायचं खूळ लहान्यामुळे लागलं. लहान्या आमचा सगळ्यात धाकटा भाऊ. त्याची हाडं अशी दुखायची की रडून रडून पोराचा आवाज बसायचा. आम्ही तेल चोळलं, भगताकडे नेलं, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नवस बोललो. तलासरीच्या दवाखान्यात सिकलसेल, रक्तातून येणारा आजार, निघाला तोवर फार उशीर झाला होता. तेव्हापासून निर्मलाने पुस्तक सोडलं नाही. डहाणूला खोली घेऊन नीटचा अभ्यास करत होती, मीही तिथेच फुग्यांच्या कंपनीत कामाला. रात्री ती घोकायची आणि मला झोप नाही.

परीक्षा तोंडावर आलेली असताना माझं दिपकशी लग्न ठरलं. दिपक तलासरी-डहाणू मॅजिक गाडी चालवतो, प्रवासी ने-आण करतो. माणूस सोन्यासारखा, मला मनापासून आवडलेला. मांडवाचा दिवस ठरवायला मंडळी आमच्या घरी बसली आणि ही बया सगळ्यांदेखत म्हणते, "दिपकदादा, सिकलसेलचं रक्त तपासलंत का?"

आई म्हणाली, "तोंड आवर." माझं तर डोकंच फिरलं.

"अजून डॉक्टर झाली नाहीस, आणि माझ्याच मांडवाला काडी लावतेस?"

"आई-बाबांना कधी काही दुखलं का? तरी दोघांच्या रक्तात दोष होता, म्हणून लहान्या गेला. तुझ्यातही आहे, ताई, तेव्हाच तपासात निघालं. यांच्यात असला, तर दर खेपेला चारात एक धोका."

दिपकचे वडील उठून बाहेर गेले. दिपक मात्र शांतपणे म्हणाला, "तपासू की. त्यात काय."

रिपोर्ट येईपर्यंत मी निर्मलाशी बोलणं टाकलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी दवाखान्यातून बोलावणं आलं. दिपकमध्ये पण दोष निघाला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "लग्नाला बंदी नाही, पण विचार करून ठरवा." दिपक गाडीची किल्ली नुसती हातात फिरवत राहिला.

खोलीवर आले तर निर्मला कोपऱ्यात बसलेली. माझ्या तोंडावरूनच ओळखलं तिने. "मी उद्या जात नाही," म्हणाली. "माझ्यामुळे झालं."

"गुमान चल," मी म्हटलं. "एवढी आग लावलीस ती घरी बसायला?"

दुसऱ्या दिवशी तिला केंद्रावर सोडलं आणि गेटसमोरच्या झाडाखाली बसून राहिले. उन्हाने जीव नकोसा झाला होता. दिपकचे फोनावर फोन येत होते. उचलायची हिंमत होईना, कारण त्याचा आवाज ऐकला की मी लग्नाला हो म्हणणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

निर्मला बाहेर आली ती पांढरीफटक.

"कसा गेला?"

"एक प्रश्न सोडला. येत होता, ताई. आईबाप दोघं वाहक, तर मुलाला सिकलसेल व्हायचा धोका किती? वाचला आणि तुम्ही दोघंच दिसलात. हात चालेना."

असा संताप आला मला. "पंचवीस टक्के," मी म्हटलं. "फुगे भरणारीला येतं आणि तुला येईना? पुन्हा माझं तोंड बघून कोरं सोडायचं नाही."

ती रडायला लागली. माझ्याच तोंडून निघालेला तो आकडा माझ्या कानात घुमत राहिला. फोन परत वाजला. या वेळी उचलला.

"जया," दिपक म्हणाला, "मुलंच नको आपल्याला. दोघं राहू."

हा माणूस दुसऱ्यांची पोरं पुढच्या सीटवर शेजारी बसवून गाडी चालवतो, त्यांना हॉर्न वाजवू देतो. त्याला मुलं नकोत? माझं काळीज तुटलं.

"नको, दिपक," मी म्हटलं. "आज माझ्यासाठी नको म्हणशील, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांकडे बघत राहशील. ते मला बघवायचं नाही. मांडव नको."

त्याने फोन ठेवला नाही. मीही नाही.

निर्मला माझा दंड धरून सगळं ऐकत होती. बाजूला हो म्हणून सांगावंसं वाटलं, पण नाही सांगितलं. ऐकू दे. उद्या डॉक्टर होऊन हिलाच कुणाला तरी हे सांगायचं आहे.