शोलाकिलीची वही

"काकू, हे ऐका न," म्हणत निहारिकानं सातवी वही उघडली, तेव्हा दुर्गाताई मेथी निवडत होत्या.

श्रीपादराव सरवटे जाऊन दोन महिने झाले होते. उज्जैनच्या पक्षीमित्रांना त्यांच्या नोंदींचं पुस्तक काढायचं होतं, म्हणून ही मुलगी सकाळपासून माधव नगरच्या घरी वह्या चाळत बसली होती. बँकेतल्या या साध्या कारकुनानं तीस वर्षं आपली सगळी रजा एकाच पक्ष्यापायी निलगिरीत घालवली होती. शोलाकिली. निळसर, मूठभर, गोड गळ्याची. डोंगरमाथ्यावरच्या गर्द झाडीत पाचोळ्यातले किडे वेचत जमिनीवरच फिरणारी. तेवढे डोंगर सोडले तर ती कुठे सापडत नाही. दुर्गाताईंनी ती कधी पाहिली नव्हती. सतत आजारी असलेल्या सासूबाईंना सोडून जाणं शक्य नव्हतं, आणि चल असं कुणी म्हटलंही नव्हतं.

निहारिका कौतुकानं वाचू लागली. "२४ एप्रिल १९९१. घरट्यात दोन पिल्लं. नर-मादी दोघंही चारा आणतात. लॉजवर घरची तार मिळाली. पण पिल्लं चार दिवसांत उडतील. थांबतो." मग मान वर करून म्हणाली, "काय लगन होती काकांची. घरून तार आली तरी हलले नाहीत."

दुर्गाताईंचा हात मेथीत तसाच राहिला.

ती तार सासूबाईंनी शेजाऱ्याकडून करवली होती. श्रीपादराव आठव्या दिवशी परतले आणि चपला काढता काढताच म्हणाले होते, तार मिळालीच नाही. दुर्गाताईंनी विश्वास ठेवला. पुढे कित्येक वर्षं त्या कुठल्याशा अनोळखी पोस्टमनला बोल लावत राहिल्या. दुसरं मूल काही झालं नाही.

त्यांनी पदराला हात पुसले, वही मागून घेतली, पेनही मागितलं. नवऱ्याच्या बारीक अक्षराखाली दोन बोटं जागा होती. तिथे त्यांनी सावकाश लिहिलं:

'२३ एप्रिल १९९१. उज्जैन. सकाळी सव्वासहा. मुलगा. रडला नाही. सोबत सासूबाई.'

खाली सही केली आणि वही परत दिली.

निहारिकानं वाचलं. मग हळूच विचारलं, "काकू, हा पन्ना काढून टाकू का?"

"नको. छापशील तर दोन्ही छाप," दुर्गाताई म्हणाल्या आणि गॅसवरचं दूध बघायला आत गेल्या.