घोटाभर पाणी

मी रेनकोट बोलतोय. एके काळी पिवळा होतो. आता रंगाचं विचारू नका.

माझा मालक मिठागरात राबणारा म्हातारा. बारा महिने मला अंगावर घालायचा. लोक हसायचे, पण त्याला त्याचं काय! भरतीला खाडीचा चिखल बुडाला की लांबच्या देशांतून आलेले इवले पक्षी टेकायला जागा शोधत यायचे. त्यांच्यासाठी तो मिठाच्या एका वाफ्यात पायाचा घोटा बुडेल इतकंच, घोटाभर पाणी ठेवायचा. "हे काही बदकं नाहीत. उभं राहायला जागा नसली तर उडून उडून मरतील," असं मुलाला सांगायचा. आम्ही त्यांच्यामधून गेलो तरी ते नुसते बाजूला सरकायचे.

म्हातारा गेला. मिठात काही उरेना, म्हणून मुलाने वाफे खोल करून मासे सोडले. शेवटच्या उथळ वाफ्यात माशांची पिल्लं होती, ती पक्षी टिपायला लागले. मग त्याने बुजगावणं उभं केलं आणि खुंटीवरून काढून मला त्याच्यावर चढवलं.

झालं भलतंच. मला बघून पक्षी जवळ आले, माझ्याभोवती दाटी करून एका पायावर झोपले. सून कपडे वाळत घालता घालता थबकायची. "बाबाच उभे आहेत असं वाटतं हो." मुलगा तिकडे बघेनासा झाला. शेवटी वैतागून त्याने त्याही वाफ्यात छातीभर पाणी भरलं.

पुढच्या भरतीला पक्षी आले. मला लांबूनच ओळखलं. पाय टेकायला गेले, तर तळच नाही. माझ्या रिकाम्या बाह्या वाऱ्याने हलत होत्या. त्यांना वाटलं असणार, म्हातारा बोलावतोय. एक पक्षी थकून माझ्या खांद्यावर आपटला आणि पाण्यात पडला. मला त्याला धरता आलं नाही. मग हे दर भरतीला होऊ लागलं.

"अहो, एक तर पाणी उतरवा," सून म्हणाली, "नाहीतर बाबांना घरात तरी आणा."

मुलगा छातीभर पाण्यात उतरला. हात मोकळे राहावेत म्हणून त्याने मला काढून अंगावरच घातलं. तसा सगळा थवा त्याच्या डोक्यावर उतरू लागला. तो धडपडत बांधातल्या पाणी सोडायच्या दाराशी गेला, पण बाहेर भरती होती, आतलं पाणी जाणार कुठे? थवा ओरडत समुद्राकडे निघून गेला. मुलगा ओहोटीपर्यंत तिथेच बसला, मग दार उघडलं. पाण्याबरोबर मासेही गेले.

आज पुन्हा भरती आहे. आभाळ अजून रिकामं आहे. तुमच्या गावाकडे असा चिखल असेल, तर त्याला ओसाड म्हणून बुजवू नका. कोणीतरी फार लांबून त्याच्या भरवशावर निघालेलं असतं.

मुलगा मला घालून वाफ्यात उभा आहे, घोटाभर पाण्यात. वारा सुटलाय, पण माझ्या बाह्या फडफडत नाहीत. आता त्यांच्यात हात आहेत.