वीतभर माशाचं आतडं

धम्मपालनं रोहूच्या पोटातलं आतडं हलक्या हातानं सोडवून टेबलावर पसरलं. मासा वीतभर आणि आतडं टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. पोरं दरवर्षीसारखी ‘बापरे’ म्हणाली. परभणीच्या कॉलेजात लॅब अटेंडंट म्हणून बावीस वर्षं तो हेच करत आला होता.

“शेवाळ पचायला जड,” राजेश्री मॅडम शिकवत होत्या. “रोहूला जठर नसतं. घशातल्या दातांनी चिरडायचं आणि सावकाश या लांब आतड्यातून न्यायचं. काही माशांच्या पिल्लांना नुसतं शेवाळच घातलं, तर त्यांचं आतडं आणखी वाढतं.”

धम्मपालच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या बायकोचं, धम्मशीलाचं, सडलेलं आतडं कापून काढलं होतं. उरलं ते जेमतेम दोन हात. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. डॉक्टरांनी मऊ भात सांगितला होता, पालेभाजी बंद. पण डॉक्टरांच्या बोलण्यात आशा नव्हती, मॅडमच्या बोलण्यात त्याला ती सापडली. शिकलेल्यांनी हसावं खुशाल. घरात माणूस झिजत असलं की कुणीही हेच करेल.

त्या संध्याकाळी तो मेथीच्या दोन जुड्या घेऊन आला.

“खा, शीला. हिरवा पाला खाल्ला की आतडं वाढंल. मॅडम सांगायल्या व्हत्या.”

“मी काय मासा हाय व्हय?” ती हसली, पण तिनं खाल्लं.

आठ दिवसांत ती उठेनाशी झाली. खाल्लेली भाजी तशीच हिरवीगार बाहेर पडायची. खराब झालेली अंथरुणं धम्मपाल रात्रभर धूत बसायचा. सकाळी त्यानं मॅडमना गाठलं.

“मॅडम, किती दिवसांत वाढतंय आतडं?”

सगळं ऐकून मॅडम खुर्चीत बसल्या. “धम्मपाल, अहो, ती माशाची पिल्लं... भाजी आजच बंद करा. आत्ताच दवाखान्यात फोन लावा.”

“मीच घातली की मॅडम. माझ्या हातानं.”

डॉक्टरांनी दुपारी दाखल करायला सांगितलं. घरी येऊन त्यानं भात लावला.

“आज भाजी न्हाई केली?” धम्मशीलानं विचारलं.

“न्हाई.”

“मला ठावं व्हतं, न्हाई वाढायचं. तुमी लय आशेनं निसत बसायचा भाजी. म्हनून खाल्ली.”

तिचं ताट पुढ्यात ओढून धम्मपाल भात कुस्करत बसला, ताटात एकही दाणा अख्खा उरला नाही तरी कुस्करतच राहिला.