तिकडच्या गाई

"हा ल्यूक गोठा कधी झाडतो गं?" ललिताच्या हातातल्या मोबाइलमध्ये डोकं खुपसून हिरामणनं विचारलं. "दोन हजार गाई हाय म्हणे त्याच्याकडं. मंग शेण कुठं जातं?"

"तुम्हाला काय करायचंय?" ललितानं मोबाइल पलीकडं फिरवला. "चहा प्या आन् रतिबाला जा."

नाशिक रोडच्या पुढं चेहेडीला त्यांचं घर, घराला लागून गोठा आणि गोठ्यात पाच गाई. आणि ही बाई जरा रिकामी झाली की अमेरिकेतल्या गाईंच्या गोष्टी वाचायची. मराठीत आणलेल्या कादंबऱ्या तिला मोबाइलवर फुकट मिळायच्या. प्रत्येक गोष्टीत नजर पोचणार नाही एवढं कुरण, एक घोडा, ल्यूकसारखा एक उंच, अबोल गडी आणि शहराला विटून आलेली एक बाई. शेवटी लग्न ठरलेलं. हिरामणला हे वेड काही केल्या कळत नव्हतं. मिठाईवाल्यानं दुकान बंद करून घरी पेढ्यांची चित्रं बघत बसावं, तसला प्रकार.

"त्या घोडेवाल्यात एवढं काय हाय?" शेवटी तो चिडलाच.

"घोडेवाल्यात काही नाय. तिकडं धारच काढावी लागत नाय कुणाला. गाई आपल्या चरत्यात. बाई चार दिवस कुठं गेली तरी कुणाचं काही अडत नाय. म्हणून वाचते."

हिरामण हसला. त्याला तो विनोद वाटला.

विनोद नव्हता. चार गाई हिरामणलाही दूध द्यायच्या, पण राणी ललिताशिवाय कुणालाच कासेला हात लावू द्यायची नाही. हिरामण नुसता शेजारी बसला तरी लाथ झाडायची, पान्हा चोरायची. धारेचं मशीन आणलं, तर तेही तिनं उडवून लावलं. राणीच्या आधी तिची आई तशीच होती. त्यामुळे लग्न असो, बारसं असो, ललिता सकाळची धार काढून निघायची आणि संध्याकाळच्या धारेला परत दारात. "आमच्या हिच्याशिवाय गाय उभी राहत नाय," असं हिरामण रतिबाच्या गिऱ्हाइकांना मोठ्या कौतुकानं सांगायचा. त्या कौतुकाला ललिता मनातून वैतागली होती.

गेल्या वर्षी घोटीला तिची आई शेवटच्या दुखण्यात होती. ललिता दुपारी पोचली, तासभर उशाशी बसली आणि उठली. आईनं पदर धरला. "आज राहा गं."

"उद्या येते आई. राणी अडून बसंल."

पहाटे धाकट्या बहिणीचा, सविताचा फोन आला. आई गेली होती. ल्यूक आणि त्याच्या गाई ललिताच्या आयुष्यात आल्या त्या त्यानंतर.

आता आईचं वर्षश्राद्ध होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी ललितानं सांगून टाकलं, "मी रातच्याला घोटीलाच राहणार हाय."

"आन् राणी?"

"बघा तुम्ही."

"मी काय बघू? लाथा खाऊ?"

"खा."

"त्या मोबाइलनं डोकं फिरवलंय तुझं," हिरामण म्हणाला. ललितानं साडीची घडी पिशवीत घातली.

श्राद्ध पार पडलं. संध्याकाळी हिरामणचा फोन आला, राणीनं थेंब दिला नव्हता आणि त्याच्या मांडीवर खूर उमटला होता. आता कास सुजणार, गाय हातची जाणार, असं तो बोलत राहिला. ललिता राहिली खरी, पण तिचं मन घोटीत नव्हतं. सकाळी पहिल्या बसला जायचं म्हणून ती पिशवी घेऊन उभी होती, तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

"दिलं!" हिरामण ओरडला. "राणीनं दिलं! सगळं!"

"कसं काय?"

"शेजारची कुसाबाई म्हणली, बायकोचा गाऊन घाल, डोक्याला तिचीच ओढणी बांध. तिचा सासरा म्हणे लुगडं गुंडाळून धार काढायचा. घातला मी गाऊन! राणीनं हुंगलं आन् उभी राहिली गुमान. गल्ली हसली मला, हसू दे!"

तो हसत होता. ललिताही हसेल म्हणून थांबला.

ललिताच्या डोळ्यांपुढं तो गाऊन आला. धुऊन धुऊन विटलेला, काखेत उसवलेला. राणीचं तेवढ्यावर भागत होतं. आणि ती स्वतःला राणीचा जीव समजत होती! तिला संताप आला.

"मागल्या वर्षी का नाय विचारलं कुसाबाईला?" ती म्हणाली.

पलीकडचं हसू थांबलं. हिरामण म्हणाला, "सुचलं नाय गं."

खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच सुचलं नव्हतं, कारण कधी गरजच पडली नव्हती. दरवेळी ती परत येत होती.

"कवा निघती मंग?" त्यानं हळूच विचारलं.

"यायचं तवा येईन. संध्याकाळचीबी तुम्हीच काढा."

तिनं फोन ठेवला. पिशवी भिंतीशी टेकवली आणि आईच्या खाटेवर जाऊन आडवी झाली. सविता चहा घेऊन आली तर ललिता तोंडावर पदर घेऊन रडत होती.

"ताई, बस जाईल ना तुझी," सविता म्हणाली.

"जाऊ दे," ललिता म्हणाली, आणि ती भिंतीकडं कुशीवर वळली.